सोळा दिवस कुणी विचारले नाही

'सेंट रोमेनस' हा मासेमारी ट्रॉलर १० जानेवारी १९६८ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल बंदरातून निघाला. बोटीवर २० माणसे होती. त्याच दिवशी संध्याकाळी तिच्याशी शेवटचे बोलणे झाले. तिचा शोध सुरू झाला तो २६ जानेवारीला. या दोन तारखांबद्दल कुणाचाच वाद नाही. चौकशीचे कागद, वर्तमानपत्रे आणि पार्लमेंटमधली चर्चा यांत त्या सारख्याच आहेत. मधले सोळा दिवस मात्र रिकामे आहेत. या सोळा दिवसांत ती बोट कुठे आहे, असे अधिकृतपणे कुणी कुणाला विचारले नाही.

पुढच्या काही दिवसांत हलचे आणखी दोन ट्रॉलर बुडाले, 'किंग्स्टन पेरिडॉट' आणि 'रॉस क्लीव्हलंड'. तिन्ही मिळून ५८ माणसे गेली. इंग्लंडमध्ये ही हकिगत आज सांगितली जाते ती दोन प्रकारे. एकीत उत्तरेकडच्या समुद्रातले भयंकर वादळ असते. दुसरीत डोक्याला रुमाल बांधून मंत्र्यांच्या दारी गेलेल्या कोळीवाड्यातल्या बायका असतात. दोन्ही हकिगती खऱ्या आहेत. पण उरलेले कागद ओळीने लावून वाचले, तर त्यांतून तिसरी एक गोष्ट वर येते. बोटीवरच्या माणसाला कामावर कसे घेतले जाई, यावरच तो बेपत्ता झाल्यावर त्याची चौकशी कोण आणि केव्हा करील हे ठरत होते. हलमध्ये मजुरीची पद्धत आणि सुरक्षिततेची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

उरलेले कागद आणि त्यांचे वजन

बुडालेल्या बोटीचा इतिहास लिहिताना पहिली अडचण ही, की तिची रोजनिशी तिच्याबरोबरच तळाला जाते. त्यामुळे जे हाती आहे ते सगळे बाहेरून आलेले. दुसऱ्या बोटींच्या रेडिओवर जे ऐकू आले ते. मालकांच्या कचेरीत पोचलेले, किंवा न पोचलेले, रोजचे निरोप. पुढे हलमध्ये झालेल्या सरकारी चौकशा. ॲडमिरल सर डेरिक हॉलंड-मार्टिन यांच्या समितीचा १९६९ चा ट्रॉलर-सुरक्षा अहवाल. पार्लमेंटच्या कामकाजाची नोंद म्हणजे हॅन्सर्ड. बायकांचा सह्यांचा अर्ज. आणि तिसऱ्या बोटीवरून एकटा जिवंत परतलेल्या माणसाची जबानी.

या सगळ्यांचे वजन सारखे नाही. रेडिओवरचे बोलणे त्या क्षणाचे असते, पण ते वादळात, खरखरीतून कानांनी टिपलेले असते. एकमेव वाचलेल्याची साक्ष अमूल्य खरी, पण ती पहिल्यांदा जगापुढे आली ती वर्तमानपत्रांच्या चढाओढीत. त्याच्या बायकोला आइसलँडला नेण्याचा खर्चसुद्धा एका वर्तमानपत्राने केला होता. समितीचा अहवाल शांतपणे लिहिलेला आहे, पण तो घटनेनंतर वर्षाहून अधिक काळाने आलेला आणि सुधारणा सुचवण्यासाठी लिहिलेला आहे. म्हणून खालच्या मांडणीत जिथे दोन वेगळ्या जातींचे कागद एकमेकांना दुजोरा देतात, तिथेच ठाम विधान केले आहे.

हेसल रोडचा धंदा

हलच्या सेंट अँड्र्यूज गोदीच्या मागे हेसल रोडचा भाग पसरलेला होता. गोदी १८८३ साली सुरू झाली. ट्रॉलरवर जाणारे पुरुष आणि मासे कापण्या-साफ करण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायका याच गल्ल्यांतून राहत. ट्रॉलर आइसलँड, उत्तर नॉर्वे, बेरेंट्स समुद्र इतक्या लांब जात. एक फेरी सुमारे तीन आठवड्यांची. परत आल्यावर दोन-तीन दिवस घरी, की पुढची फेरी. या मोकळ्या दिवसांत पैसा उधळणाऱ्या खलाशांना गावात गमतीने तीन दिवसांचे लखपती म्हणत.

कामाला घेतले जाई ते फेरीपुरते. फेरी संपली की करार संपला. पुढच्या फेरीला त्याच बोटीवर जागा मिळेलच असे नाही, आणि मधल्या दिवसांत माणूस कुणाचाच नोकर नसे. मजुरीचा मोठा हिस्सा मासळीच्या विक्रीवर अवलंबून. साध्या खलाशाला थोडा ठरलेला पगार, वर विक्रीतला वाटा आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल निघे त्याचे वेगळे पैसे. स्किपर, म्हणजे आपल्याकडचा तांडेल, आणि त्याच्या हाताखालचा मेट यांची कमाई जवळजवळ पूर्णपणे वाट्यावर. कोकणच्या किनाऱ्यावर वाट्याची पद्धत अनोळखी नाही. मासळी कमी आली की सगळ्यांचाच हात आखडतो, हे इथेही ठाऊक आहे. हलमध्ये त्याला आणखी एक धार होती. सलग दोन-तीन फेऱ्या रिकाम्या आणणाऱ्या तांडेलाच्या हातून बोट जात असे. हवा बिघडली म्हणून जाळे वर घ्यायचे की अजून एकदा टाकायचे, हा निर्णय ज्याने घ्यायचा त्याचे पोट त्याच निर्णयावर होते.

त्या बोटी बहुतेक जुन्या धाटणीच्या, बाजूने जाळे ओढणाऱ्या होत्या. जाळे ओढायचे, मासळी पाडायची, पोट फाडून साफ करायची, हे सगळे उघड्या डेकवर, लाटेच्या तोंडावर. मासळी लागली की अठरा तास काम आणि सहा तास विश्रांती हा नेहमीचा क्रम. तो अपवाद नव्हता, रिवाज होता.

कायद्याचे लक्ष कुठे होते हे पाहण्यासारखे आहे. १८९४ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात मासेमारी बोटींसाठी वेगळा भाग होता. करार करून ठरल्या वेळी बोटीवर हजर न होणाऱ्या मच्छीमाराला त्याखाली दंड किंवा कैद होऊ शकत असे. ही तरतूद १९६८ साली जिवंत होती. उलट, लांबच्या समुद्रात जाणाऱ्या बोटीवर पूर्णवेळ रेडिओ ऑपरेटर नसेल, तर तिला गोदीतच अडवणारा नियम नव्हता. माणूस चुकला तर त्याच्यासाठी कलम होते. माणसाशिवाय बोट सुटली तर त्यासाठी नव्हते.

तेरा वर्षांपूर्वीचा इशारा

सुदूर उत्तरेत हिवाळ्यात बोट बुडवणारी गोष्ट केवळ लाट नसते. हवा गोठणबिंदूच्या बरीच खाली गेली आणि वारा जोराचा असला, की उडणारे तुषार जिथे पडतील तिथे गोठतात. डोलकाठी, दोर, कठडे, रेडिओच्या तारा, रडारचे फिरते पाते या सगळ्यांवर बर्फाची पुटे चढत जातात. दोन परिणाम एकदम होतात. बोटीचे वरचे वजन वाढत जाऊन ती कलंडली की पुन्हा सरळ व्हायची ताकद कमी होते. आणि रेडिओच्या तारा ओझ्याने तुटतात, म्हणजे मदतीची गरज जास्तीत जास्त असते त्याच वेळी हाक मारायचे साधन जाते. यावर उपाय एकच होता: सगळ्यांनी डेकवर उभे राहून कुऱ्हाडी, हातोडे, हाताला येईल त्या लोखंडाने बर्फ फोडत राहायचे. अठरा तास काम करून थकलेल्या माणसांनी.

हे हलला १९६८ साली नव्याने कळले नाही. २६ जानेवारी १९५५ रोजी आइसलँडच्या उत्तरेला 'लोरेला' आणि 'रॉडेरिगो' हे हलचेच दोन ट्रॉलर एकाच दिवशी बर्फाच्या ओझ्याने उलटले आणि ४० माणसे गेली. त्या दोन्ही बोटींवर रेडिओ ऑपरेटर होते. बर्फ कसा चढतो आहे, बोट कशी कलते आहे हे ते तासन् तास सांगत राहिले, आणि इतरांनी ते ऐकले. म्हणूनच १९५५ च्या चौकशीला नेमके काय घडले ते ठरवता आले. त्यानंतर ब्रिटिश जहाजबांधणी संशोधन संस्थेने ट्रॉलरच्या छोट्या प्रतिकृतींवर बर्फाच्या ओझ्याचा अभ्यासही केला. म्हणजे १९६८ उजाडले तेव्हा धोक्याची यंत्रणा कागदावर नीट समजलेली होती. एवढेच नव्हे, तर ती समजली कशी हेही कागदावर होते: बोलणारा माणूस शेवटपर्यंत यंत्रापाशी बसला होता म्हणून.

१० जानेवारी ते ४ फेब्रुवारी

'सेंट रोमेनस' १९५० साली बांधलेली बोट. मालक थॉमस हॅमलिंग कंपनी. १० जानेवारीला ती निघाली तेव्हा तिच्यावर रेडिओ ऑपरेटर नव्हता. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि बोट धक्क्याला बांधून ठेवली की दर दिवसाला पैसा जातो. ऑपरेटरवाचून बोट सुटली. तांडेलाजवळ रेडिओ-टेलिफोन होता, पण बोट हाकणे, मासळी शोधणे आणि रोज कचेरीशी बोलणे ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या डोक्यावर आली.

१० जानेवारीच्या संध्याकाळनंतर बोटीचा निरोप नाही. दोन धागे मात्र उरतात. एका आइसलँडिक ट्रॉलरच्या कप्तानाने नंतर सांगितले, की ११ जानेवारीला त्याच्या कानावर 'सेंट रोमेनस'ची संकटाची हाक पडली होती. आणि १३ जानेवारीला समुद्रात तिचा रबरी जीवनतराफा सापडला. पहिला पुरावा उशिरा पुढे आलेला, ऐकीव. तो एकटा असता तर त्यावर भार टाकता आला नसता. पण दुसरा त्याच्याशी जुळतो. दोन्ही एकत्र ठेवले की बोट निघाल्यापासून दिवसा-दोन दिवसांतच बुडाली असावी, हा तर्क पक्का वाटतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वेळेवर विचारले असते तर ती २० माणसे वाचली असती, असे हे कागद सांगत नाहीत. जानेवारीच्या त्या पाण्यात पडलेला माणूस फार वेळ टिकत नाही. कागद सांगतात ते वेगळे: ती वाचू शकली असती का, हा प्रश्न विचारण्याची शक्यतासुद्धा कुणी ठेवली नव्हती. तराफा १३ तारखेला मिळाला. शोधाची आज्ञा २६ ला निघाली. मधल्या काळात वस्तू एकीकडे, कचेरी दुसरीकडे, आणि दोन्ही जोडून पाहणे हे कुणाचेच ठरलेले काम नव्हते.

कचेरी गप्प का राहिली, याचे उत्तर ऑपरेटर नसण्याच्या त्याच एका उणिवेत आहे. बोटींनी रोज मालकाला निरोप द्यायचा, असा रिवाज धंद्यात होता. कायद्याची सक्ती नव्हती. शिवाय निरोपात मुख्य रस मासळीचा: किती मिळाली, कोणत्या बाजारात कधी आणायची. ऑपरेटर नसलेली बोट गप्प असणे स्वाभाविक वाटले, म्हणून तिच्या गप्प बसण्याने कुणी दचकले नाही. ऑपरेटर नसण्याने हाक मारायचे साधन दुबळे झाले, आणि त्याच कारणाने हाक आली नाही याची काळजीही गेली.

२६ जानेवारीला 'सेंट रोमेनस'चा शोध सुरू झाला. त्याच दिवशी, आइसलँडच्या ईशान्येला, 'किंग्स्टन पेरिडॉट'चे शेवटचे बोलणे झाले. १९४८ साली बांधलेली ही बोटही १० जानेवारीलाच हलहून निघाली होती. तिच्यावरही २० माणसे. 'किंग्स्टन सार्डियस' या दुसऱ्या ट्रॉलरला तिने कळवले, की हवा वाईट आहे, बर्फ चढतो आहे, आणि ती पूर्वेकडे सरकते आहे. त्यानंतर काही नाही. २९ तारखेला तिचा तराफा किनाऱ्याला लागला. ३० जानेवारीला ही बातमी हलमध्ये पोचली तेव्हा 'सेंट रोमेनस'च्या घरांतली आशा संपत आली होती. एकाच वस्तीतल्या ४० घरांत एकाच आठवड्यात.

तिसरी बोट 'रॉस क्लीव्हलंड', १९४९ ची. ती २० जानेवारीला निघाली होती, म्हणजे आधीच्या दोन बोटींचे काय झाले हे कुणाला माहीत नसताना. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आइसलँडच्या वायव्येला वादळ असह्य झाले, तेव्हा ती इसाफ्योर्डुर गावाजवळच्या खाडीत आसऱ्याला शिरली. तिथे इतर बोटीही होत्या. म्हणूनच तिचा शेवट आपल्याला मिनिटांच्या हिशेबात ठाऊक आहे. ४ फेब्रुवारीच्या रात्री तांडेल फिल गे याने रेडिओवर सांगितले, की बोट कलंडते आहे, मदत करा. आणि मग आपला व सगळ्या माणसांचा घरच्यांना निरोप दिला. जवळच्या ट्रॉलरांनी तो ऐकला, पण त्या वाऱ्यात कुणालाच जागचे हलता आले नाही.

त्याच रात्री त्याच खाडीत इंग्लंडच्याच ग्रिम्सबी बंदराचा 'नॉट्स काउंटी' ट्रॉलर किनाऱ्यावर चढून बसला. आइसलँडच्या तटरक्षक दलाच्या 'ओडिन' जहाजाने त्यावरची १८ माणसे सोडवली, एकजण दगावला. बोलुंगाविक गावची एक आइसलँडिक बोट सहा माणसांसह नाहीशी झाली. वादळ कुणाचेच सोयरे नव्हते, हे खरेच. पण 'रॉस क्लीव्हलंड' बुडाल्याचे त्याच घटकेला कळले, 'सेंट रोमेनस' बुडाल्याचे सोळा दिवस कळले नाही. दोन्हींतला फरक वादळाने केलेला नाही.

कपड्यांची गोष्ट

'रॉस क्लीव्हलंड'वरच्या १९ पैकी तिघे तराफ्यावर पोचले: मेट हॅरी एडम, बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, वॉल्टर ह्युइट आणि नवशिका खलाशी बॅरी रॉजर्स, वय १८. रात्रीच्या आतच दोघे गारठून मेले. एडम किनाऱ्याला लागला, पायी चालत एका बंद घरापाशी पोचला, त्याच्या आडोशाने उभ्याने रात्र काढली, आणि ६ फेब्रुवारीच्या सकाळी मेंढरांमागे आलेल्या एका मुलाला दिसला.

तो वाचला आणि दुसरे दोघे गेले, याचे कारण त्याच्या जबानीत साधे आहे. बोट कलंडली तेव्हा एडम वर रडारवरचा बर्फ फोडत होता, म्हणून त्याच्या अंगावर पूर्ण जलरोधक पेहराव होता. बाकीचे दोघे आतून तसेच पळत आले. रॉजर्सच्या अंगावर तर जेमतेम आतले कपडे होते. तराफा तिघांसाठी एकच होता आणि तो बरोबर उघडला. नियमाप्रमाणे साधन होते, ते चालले, आणि तरी तिघांतले दोघे गेले. बोटीची तपासणी करणारा अधिकारी तराफा मोजत असे; त्यात बसणाऱ्याच्या अंगावर काय असेल, हे कुठल्याच रकान्यात नव्हते.

दहा हजार सह्या

वस्तीत मासे साफ करण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या लिलियन बिलोका हिने सह्या गोळा करायला सुरुवात केली ती तिसरी बोट बुडण्याच्या आधी. तिचा मुलगाही ट्रॉलरवर जात असे. तिच्या जोडीला क्रिस्टीन जेन्सन, मेरी डेनेस आणि इव्हॉन ब्लेंकिन्सॉप. अर्जावर सुमारे १०,००० सह्या झाल्या. २ फेब्रुवारीला हेसल रोडवरच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये सभा झाली आणि तिथून बायका गोदीवर चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे लिलियन पुन्हा धक्क्यावर होती. रेडिओ ऑपरेटरशिवाय निघालेल्या बोटीवर उडी घेण्याचा तिचा प्रयत्न पोलिसांनी धरून थांबवला. बोट सुटताना बाईने धक्क्यावर जाणे हलमध्ये अपशकुन मानला जाई. म्हणजे वस्तीचा स्वतःचाच दंडक मोडून ती तिथे उभी होती.

त्यांच्या मागण्यांची यादी वाचली की जाणवते ती तिची अचूकता. प्रत्येक बोटीवर पूर्णवेळ रेडिओ ऑपरेटर हवा. माणसे पुरेशी आणि शिकलेली हवीत. हवामानाचा नीट अंदाज मिळायला हवा. सुरक्षेची साधने वाढवा. ताफ्याबरोबर दवाखान्याची सोय असलेली एक मोठी आधार-बोट ठेवा. पैसे वाढवा असे त्यात नाही. वरची तारीखवार मांडणी जो निष्कर्ष काढते, तोच या बायकांनी चौकशीचा एकही कागद हाती नसताना काढला होता.

'रॉस क्लीव्हलंड'ची बातमी ५ फेब्रुवारीला हलमध्ये आली. तिचा तांडेल फिल गे हा क्रिस्टीन जेन्सनचा भाऊ. दुसऱ्याच दिवशी, ६ फेब्रुवारीला, या बायका लंडनला जाऊन मंत्री फ्रेड पिअर्ट आणि जे. पी. डब्ल्यू. मॅलल्यू यांना भेटल्या. नंतरच्या वर्णनांत त्यांच्या मागण्यांच्या सनदेतल्या ८८ उपाययोजना मान्य झाल्याचा आकडा येतो. नेमका आकडा काहीही धरला, तरी एवढे निश्चित आहे की वर्षानुवर्षे अडलेल्या गोष्टी काही दिवसांत हलल्या. त्या हिवाळ्याच्या पुढच्या हिवाळ्यात 'ओर्सिनो' हा ट्रॉलर हवामानाची आणि वैद्यकीय मदतीची सोय घेऊन आइसलँडच्या पाण्यात ताफ्याजवळ उभा होता; पुढे ते काम 'मिरांडा' जहाजाने केले.

लिलियन बिलोकाची नोकरी गेली. धमकीची पत्रे आली, त्यांतली काही हलमधूनच. मासळीच्या धंद्यात तिला पुन्हा काम मिळाले नाही. ती १९८८ साली वारली. काम देणाऱ्यांना तिचे नाव लक्षात ठेवता आले, हे इथे नोंदवण्यासारखे आहे. फेरीपुरती नेमलेली माणसे गप्प झाली तर त्यांची चौकशी करायला मात्र त्यांच्याकडे व्यवस्था नव्हती.

अहवालानंतर

हॉलंड-मार्टिन समितीने अहवाल दिला तो १९६९ साली. तिने बोटीच्या समतोलापासून सुरुवात केली, पण तिथे ती थांबली नाही. कामाचे तास, शिक्षण, निरोपांची शिस्त, अपघातांची आकडेवारी, आणि कामगाराला शिक्षेच्या धाकाने बोटीवर चढवणारा जुना कायदा, हे सगळे तिने एकाच विषयाचे भाग म्हणून पाहिले. मासेमारी बोटींच्या सुरक्षेचा कायदा १९७० साली झाला. त्याखालचे सविस्तर नियम मात्र १९७५ साली आले. बर्फाच्या ओझ्यासह बोटीचा समतोल किती हवा, हे नियमात उतरायला १९५५ पासून वीस वर्षे लागली.

या नियमांच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, हलचा 'गॉल' बेरेंट्स समुद्रात ३६ माणसांसह नाहीसा झाला. ही जुनी बाजूने ओढणारी बोट नव्हती. १९७२ साली बांधलेला, मागून जाळे ओढणारा मोठा कारखाना-ट्रॉलर होता. रेडिओ ऑपरेटर होता. तरी संकटाची हाक आली नाही, आणि निरोप थांबल्यापासून मोठा शोध सुरू व्हायला पुन्हा काही दिवस गेले. बोटीचा सांगाडा १९९७ साली सापडला आणि २००४ च्या फेरचौकशीने मासळीचा कचरा टाकायच्या झडपा उघड्या राहून पाणी आत शिरल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजे यंत्र आणि माणूस दोन्ही असतानाही किनाऱ्यावरचे कान सैलच होते. ऑपरेटर ठेवणे ही अर्धी गोष्ट. तो गप्प झाला तर अमुक तासांत हालचाल व्हायलाच हवी, ही उरलेली अर्धी.

फेरीपुरता माणूस

या साऱ्याचा शेवटचा कागद मजुरीचा आहे. १९७६ नंतर आइसलँडच्या २०० मैलांच्या मासेमारी हद्दीमुळे हलची लांबची मासेमारी संपली. वीस-वीस, तीस-तीस वर्षे समुद्रात काढलेली माणसे बेकार झाली आणि नोकरी संपल्याची भरपाई मागू लागली. त्यांना उत्तर मिळाले, की तुम्ही नोकर नव्हताच. प्रत्येक फेरीला नवा करार होता, म्हणून तुम्ही हंगामी. सरकारने भरपाईची योजना जाहीर केली ती २००० साली: सेवेच्या दर वर्षाला १,००० पौंड, जास्तीत जास्त २०,००० पौंड.

तेव्हा सेवा सिद्ध करायची तर जुन्या फेऱ्यांच्या नोंदी शोधाव्या लागल्या. योजनेला पात्र ठरणाऱ्या दोन बोटींवरच्या कामांमध्ये १२ आठवड्यांहून जास्त खंड पडला असेल, तर आधीची वर्षे धरायची नाहीत, असा नियम होता. आजारपण, दुसऱ्या पाण्यातली मासेमारी, व्यापारी जहाजावर काढलेले काही महिने, यांतले काहीही माणसाची आधीची वर्षे पुसून टाकी. ब्रिटनच्या पार्लमेंटरी लोकपालांनी २००७ साली या योजनेची चौकशी केली आणि ती घाईत आखलेली व सदोष असल्याचे सांगितले. त्यानंतर सुधारित योजना आली. ज्या पद्धतीमुळे १९६८ साली बोट गप्प झाली तरी तिच्या माणसांची जबाबदारी कुणाच्या अंगावर येत नव्हती, तीच पद्धत तीस-चाळीस वर्षांनी त्यांच्या साथीदारांना त्यांच्याच आयुष्याचा पुरावा मागत होती.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ साली मासेमारीतल्या कामाविषयीचा करार क्रमांक १८८ मंजूर केला. तो नोव्हेंबर २०१७ मध्ये अंमलात आला. तीन दिवसांहून अधिक समुद्रात राहणाऱ्या बोटीवर २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, लेखी करार, वैद्यकीय तपासणी, अशा तरतुदी त्यात आहेत. ब्रिटनने तो २०१९ साली स्वीकारला. भारत त्यात नाही. त्यातले एक कलम अगदी साधे आहे आणि हलचे कागद वाचून आलेल्याला ते सगळ्यांत आधी दिसते: बोटीवर चढलेल्या माणसांची यादी निघण्यापूर्वी, किंवा निघाल्याबरोबर लगेच, किनाऱ्यावरच्या जबाबदार माणसाकडे पोचली पाहिजे.

मासेमारी बोटीच्या सुरक्षेचे मोजमाप आपण बहुधा बोटीवर जाऊन करतो: तराफे किती, जॅकेट किती, यंत्र चालते का. हे मोजलेच पाहिजे. पण १९६८ चा हिवाळा दाखवतो, की त्याआधी किनाऱ्यावर तीन गोष्टी विचाराव्या लागतात. कोण चढले याची यादी इथे आहे का? त्यांच्याशी रोज बोलण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर आहे का? आणि उत्तर आले नाही, तर किती तासांनी शोध सुरू करायचा, हे आधी ठरलेले आहे का? 'सेंट रोमेनस'च्या बाबतीत पहिल्याचे उत्तर होय होते, उरलेल्या दोन्हींचे नाही. सोळा दिवस गेले ते त्यामुळे.